चोर सोडा, भांडं धरा

तायडे मास्तर एक कप चहा तीन बश्यांत प्यायचे. तीन घोटांत नव्हे. तेवढ्यावर भागलं असतं तर माझी काही तक्रार नव्हती. कॉलेजसमोरच्या हॉटेलात बसलं की एक कप चहा आणि तीन कोऱ्या बश्या मागवायच्या. कपातला तिसरा हिस्सा पहिल्या बशीत ओतायचा, पिऊन टाकायचा, मिनिटभर गप्प बसायचं, मग दुसरी बशी पुढे ओढायची. माझा चहा केव्हाच संपलेला असायचा, प्रॅक्टिकलची घंटा झालेली असायची, हॉटेलवाला बश्यांकडे बघून दातओठ खात असायचा, आणि मास्तर अजून तिसऱ्या बशीपाशी पोहोचलेले नसायचे.

"अहो मास्तर, पोटात गेल्यावर सगळा एकच होतो ना?" एकदा मी चिडून विचारलं.

"सर, एकदम ओतला तं अर्धा फुकट जाते," ते म्हणाले. "थोडा थोडा, तीनदा. एका दमात काईच निघत नाई."

मी अमरावतीच्या त्या कॉलेजात रसायनशास्त्राचा लेक्चरर होतो आणि मास्तर आमच्या प्रयोगशाळेत असिस्टंट. साठ सालाच्या आगेमागेची ही गोष्ट. हे तीनदाचं वेड त्यांच्या डोक्यात कुठून आलं ते सांगतो, म्हणजे माझा संताप तुम्हाला कळेल.

आम्लात विरघळलेला धातू परत मिळवायची एक रीत आहे. खाली तोटी आणि वर बूच असलेलं काचेचं नरसाळं घ्यायचं. त्यात ते आम्लाचं पाणी ओतायचं, त्यावर ईथर ओतायचं आणि चांगलं हलवायचं. ईथर आणि पाणी एकमेकांत मिसळत नाहीत. नरसाळं स्टँडला लावून ठेवलं की ईथर वर आणि पाणी खाली असे दोन थर होतात. काही धातूंना पाण्यापेक्षा ईथर जास्त मानवतं. ते वरच्या थरात निघून जातात, बाकीचे खालीच राहतात. मग तोटी उघडून खालचा थर काढून घ्यायचा, की दोघांची फारकत झाली. आता गंमत अशी, की बाटलीभर ईथर एकदम ओतून जेवढा धातू निघतो, त्याहून जास्त तेच ईथर तीन वेळा थोडं थोडं वापरून निघतो. हे अगदी खरं आहे. मी स्वतः ते गणित फळ्यावर करून दाखवत असे. पण तास संपला की मी फळा पुसत असे. मास्तर ते गणित घरी घेऊन गेले.

आंघोळीची एक बादली ते तीन हप्त्यांत संपवत आणि मधे दोनदा अंग पुसत. दाढी तीनदा करत. आधी गाल, मग हनुवटी, मग गळा, आणि दर वेळी नवा फेस. माझ्यावर रागवायचं असलं तर सकाळी येताच थोडं, दुपारच्या सुट्टीत थोडं आणि संध्याकाळी कुलूप लावताना उरलेलं. एका फुटलेल्या चंबूसाठी मी एका दिवसात तीनदा बोलणी खाल्ली आहेत, आणि चंबू मी फोडलाच नव्हता. कोणाच्या घरी मयत झाली तर सगळे एकदा भेटून येतात. मास्तर तीन वेगवेगळ्या दिवशी जायचे, दर वेळी दहा मिनिटं बसायचे, आणि बहुतेक काही न बोलता उठायचे. "दुःख बी एका दमात निघत नाई," असं त्यांचं म्हणणं. लोक मागे हसत. मीही हसत असे, हे लपवत नाही.

दुसरा छळ मोरीचा. प्रयोगशाळेतल्या मोरीत कोणी काही ओतलेलं त्यांना खपत नसे. त्यांच्या मते मोरी ही हात धुण्यासाठी होती आणि तेही गरज असेल तर. ईथरचे थर, आम्लं, रंगीत पाणी, सगळं बरण्यांत जाऊन पडायचं. वापरलेलं ईथर तर ते सुट्टीच्या दिवशी गरम पाण्यावर उडवून थंड नळीतून पुन्हा गोळा करायचे आणि स्वतःच्या बाटल्यांत भरून ठेवायचे. ते कॉलेजच्या लेखी केव्हाच हवेत उडून गेलेलं असायचं.

मी नागपूरहून एम.एस्सी. होऊन आलो त्या पहिल्याच आठवड्यातली गोष्ट. पोलाद आम्लात विरघळवून त्यातलं निकेल काढायचं होतं. ईथरबरोबर हलवलं की लोखंड वर जातं आणि निकेल खाली राहतं, हे मला तोंडपाठ. तरी वर्गाकडे तोंड करून बोलण्याच्या नादात मी तोटी उघडली आणि खालचा हिरवा थर, म्हणजे हवा तोच, ऐटीत मोरीत सोडून दिला. पंचवीस मुलं बघत होती. तेवढ्यात मास्तर ओट्याखाली वाकले आणि एक बादली बाहेर काढून माझ्यासमोर ठेवली. ह्या गृहस्थानं मोरीचं नळकांडं आधीच सोडवून खाली बादली लावून ठेवलेली होती.

"कोणता थर कामाचा, हे काम झाल्यावर समजते सर," ते सगळ्या वर्गाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले. "तवरोक दोन्ही ठेवा लागते."

माझं निकेल वाचलं. इभ्रत वाचली नाही. त्या दिवशी मी ठरवलं की ह्या माणसाशी आपलं जमणार नाही.

जमलं नाहीच म्हणा, पण सुटकाही नव्हती, कारण मास्तर आमच्याच घरामागच्या दोन खोल्यांत राहत होते. पातूरचे राहणारे, अकोल्याला मॅट्रिक झालेले. लढाईच्या काळात दारूगोळ्याच्या एका कारखान्यात पोलाद तपासायच्या खोलीत होते. तिथल्या एका म्हाताऱ्या मद्रासी केमिस्टनं त्यांच्या हाती नरसाळं दिलं. ते सांगायचे, "थो बुढा शिव्या देये, पण तीनदा देये." आमच्या खात्यात धातू वेगळे करण्यातलं त्यांच्याइतकं कोणालाच येत नव्हतं, खातेप्रमुखांना तर नाहीच. आणि पगारपत्रकावर ह्या माणसाचा हुद्दा चपराशाच्या वर एक ओळ. आम्ही 'मास्तर' म्हणायचो ते आदरानं, असं लोकांना वाटे. मला विचाराल तर शरमेनं म्हणत होतो.

छप्पन साली ते नागपूरला जाऊन बौद्ध धम्माची दीक्षा घेऊन आले. बरोबर बायको होती, पार्वताबाई. दुसऱ्या वर्षी ती विषमज्वरात गेली. मूलबाळ नव्हतं. माझी आई आणि ती एकाच नळावर पाणी भरायच्या, एकमेकींना भाजीची वाटी द्यायच्या. ती गेल्यावर दोन आठवड्यांनी मास्तर आमच्या ओट्यावर आले आणि रुमालात बांधलेल्या दोन सोन्याच्या पाटल्या आईपुढे ठेवल्या.

"वयनी, ह्या तुमच्यापाशी असू द्या. माह्या घरात तेजाबाच्या बरण्या हायत. सोन्याचा भरवसा नाई."

आईनं त्या लाकडी कपाटात, लुगड्यांच्या खाली ठेवल्या. तेव्हापासून दर रविवारी मास्तर आमच्याकडे तीनदा यायचे. एकदा मीठ मागायला, एकदा मीठ परत करायला आणि एकदा 'सर हायत का' म्हणून. मी समोरच बसलेला असायचो. पाटल्यांचं नाव त्यांनी कधी काढलं नाही. कपाटाकडे मात्र एकदा बघून जायचे. मला त्या रविवारांचा भयंकर राग येई. आठवड्याचे सहा दिवस कॉलेजात बोलणी खायची आणि सातव्या दिवशी घरी मीठ पुरवायचं.

दसऱ्याच्या आधीच्या रविवारी दुपारी आमच्या राजापेठेतल्या आळीत एक माणूस आला. खांद्याला पेटी, हातात लहान शेगडी. भांडी, दागिने उजळून देतो म्हणाला. आधी त्यानं आमचा पितळी तांब्या फुकट चकचकीत करून दिला. मग शेजारणीची चांदीची जोडवी. मग गोड बोलून विचारलं, "माताजी, सोना है क्या?" आईच्या अंगावर मंगळसूत्राशिवाय सोनं नव्हतं आणि ते ती गळ्यातून काढणार नव्हती. पण तिला कपाट आठवलं. तिनं मनाशी म्हटलं, मास्तरांच्या पाटल्या किती दिवस तशाच पडून आहेत. उजळून दसऱ्याच्या दिवशी त्यांच्या हातात ठेवू.

त्यानं पाटल्या चिनी मातीच्या वाडग्यात पिवळ्या पाण्यात टाकल्या, शेगडीवर वाडगा गरम केला, हळद टाकली, रिठ्याचा फेस टाकला. बराच वेळ तो आईला आपल्या गावच्या देवीच्या गोष्टी सांगत होता. मग पाटल्या काढून हळदीच्या कागदात गुंडाळल्या आणि सांगितलं, "घंटाभर खोलना मत." माझी आई आयुष्यात कुठल्याही पुडीसाठी घंटाभर थांबलेली नाही. त्यानं पाठ फिरवताच तिनं कागद उघडला. आत तारेसारखं काहीतरी होतं. हातात घेतलं तर मोडलं.

ते वाडग्यातलं पाणी म्हणजे सोनं विरघळवणारं तेजाब होतं. हे भामटे असेच करतात. दागिना उजळतो म्हणून वरचं सोनं पाण्यात उतरवून घेतात आणि पाणी घेऊन पसार होतात. आमच्या घरात रसायनशास्त्राचा लेक्चरर होता. तो त्या वेळी आतल्या खोलीत वर्तमानपत्र तोंडावर घेऊन झोपला होता. ह्याचा राग मला आजही येतो.

आईच्या ओरडण्यानं मी उठून धावलो तोवर आळीतल्या लोकांनी त्या भामट्याला ओट्यावरच धरलं होतं. झटापटीत वाडगा कलंडला, थोडं पाणी ओट्यावर आणि खालच्या मातीत सांडलं. पाटल्यांचे तुकडे पायाखाली आले, वाकडेतिकडे झाले. कोणीतरी वाडगा उचलला आणि म्हणाला, "ओता हे गटारात, नाई तं ह्याच्याच डोक्यावर ओता."

तेवढ्यात मागच्या खोलीतून तायडे मास्तर आले. अंगात बनियान, गालांची दाढी झालेली, हनुवटीला फेस, गळा अजून बाकी. ते थेट वाडग्यावर पडले. म्हणजे त्यांनी तो हिसकावून दोन्ही हातांनी छातीशी धरला आणि उकिडवे बसले.

"चोर सोडा, भांडं धरा," ते गरजले. "अबे, सोनं चोराजवळ नाई, सोनं ह्यात हाय. कोणाले अक्कल हाय का नाई?"

हनुवटीला फेस लावलेला माणूस वाडग्याला मिठी मारून सगळ्या आळीची अक्कल काढतो आहे म्हटल्यावर लोक बघतच राहिले. ज्या दोघांनी भामट्याला धरलं होतं तेही बघत राहिले. तेवढ्यात तो निसटला. पेटी आणि शेगडी टाकून बडनेऱ्याच्या रस्त्यानं जो पळाला तो पुन्हा दिसला नाही. मी मास्तरांवर भडकलो.

"मास्तर, तुमच्यामुळे चोर पळाला."

"पळू द्या. त्याले हालवून काय निघणार होतं?"

मग हवालदार आला. भांडं मुद्देमाल आहे, चौकीवर न्यावं लागेल म्हणाला. मास्तरांनी वाडगा त्याच्या नाकाखाली धरला. त्याला असा ठसका लागला की डोळ्यांत पाणी आलं. मग त्यानंच मला विचारलं, की तुम्ही कॉलेजातले आहात, तुम्हीच सांभाळता का. मी लिहून दिलं. तो पेटी आणि शेगडी घेऊन गेला.

प्रश्न मिटला असं मला वाटलं. पण आमच्या आळीत गोविंदराव नावाचे तहसील कचेरीतून निवृत्त झालेले एक गृहस्थ होते. ते पुढे झाले. म्हणाले, "भांडं तुमच्याच घरी ठेवा सर. ह्याच्याकडे काहून? उद्या म्हणन, उडून गेलं. अन् ह्या लोकायच्या हातात सोनं..." पुढचं त्यांनी गिळलं, पण काय गिळलं ते सगळ्यांना कळलं. मास्तर खाली बघत तसेच बसून होते. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी काही बोलणार त्याआधी आईच बोलली. ती आतापर्यंत दाराला टेकून रडत होती.

"ज्याचं सोनं हाय त्याच्याच घरी जाऊन राहिलं," ती म्हणाली. "पार्वताच्या पाटल्या हायत थ्या. म्या पाप केलं, म्या दिल्या त्या मेल्याले. तुमाले काय करा लागते गोविंदराव? तुमी घरी जा."

मास्तरांनी मान वर केली. तोवर त्यांना वाटत होतं की ते आमचं सोनं वाचवत आहेत. त्यांनी आईकडे पाहिलं, मग हातातल्या वाडग्याकडे पाहिलं. आता हा माणूस भडकणार, तीनदा भडकणार, आणि ह्या वेळी त्याला तो हक्क आहे, असं मला वाटलं.

"वयनी," ते हळूच म्हणाले, "सांडलं किती? पुसलं कशानं?"

आईनं ज्या फडक्यानं ओटा पुसला होता ते फडकं त्यांनी मागून घेतलं. ओट्याखालची माती खुरप्यानं खरवडून घमेल्यात भरली. हळदीचा कागद घेतला, वाकडे झालेले तुकडे एकेक वेचले. मग सगळं घेऊन आपल्या खोलीत गेले आणि दार लावून घेतलं. गळ्याची दाढी राहिलीच.

दसऱ्याच्या सुट्टीत कॉलेज बंद होतं. मी खातेप्रमुखांकडे जाऊन प्रयोगशाळेची किल्ली मागितली. खासगी कामाला प्रयोगशाळा देता येणार नाही, असं त्यांनी मला दहा मिनिटं समजावून सांगितलं. ज्या माणसानं त्यांचे सगळे नमुने तपासून दिले, ज्याच्या आकड्यांवर त्यांनी स्वतःच्या नावानं निबंध छापले, त्याला दोन दिवस एक टेबल मिळत नव्हतं. मी त्यांना काय बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. किल्ली मिळाली. पुढची दोन वर्षं माझी पगारवाढ का अडली, हेही मला ठाऊक आहे.

सरळ हिराकस, म्हणजे लोखंडाचा क्षार, टाकून सोनं खाली बसवू, असं मी सुचवलं. मास्तरांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी पहिल्या वर्षाचा विद्यार्थी झालो.

"ह्यात हळद हाय, रिठा हाय, मातीतलं अटरमसटर हाय. गाळासंग सोनं बसवान, मंग गाळातून कोण काढन? ईथर लावा लागते."

फडकं आणि कागद जाळून त्यांची राख घेतली. माती आणि राख पुन्हा तेजाबात उकळली, गाळली, वाडग्यातल्या पाण्यात मिळवली. मग मिठाचं तेजाब, म्हणजे हायड्रोक्लोरिक आम्ल, घालून आटवायचं, पुन्हा घालायचं, पुन्हा आटवायचं, तांबूस धूर पुरता थांबेपर्यंत. खिडक्या उघड्या टाकून आम्ही दोघं खोकत होतो. शेवटी हिरवट पिवळं स्वच्छ पाणी मिळालं. मास्तरांनी ते नरसाळ्यात ओतलं आणि घरून आणलेली त्यांची ईथरची बाटली उघडली. कॉलेजच्या ईथरला त्यांनी हात लावला नाही.

पहिल्या हलवण्यात वरचा थर पिवळाधमक झाला. सोनं वर गेलं होतं, तांबं हिरवं होऊन खाली राहिलं होतं. मी इतकी वर्षं हे शिकवत होतो, पण सोन्याचं कधी पाहिलं नव्हतं. दुसऱ्या वेळी वरचा थर फिकट पिवळा. तिसऱ्या वेळी जवळजवळ पाण्यासारखा. झालं, म्हणून मी हात धुवायला निघालो.

मास्तरांनी चौथ्यांदा ईथर ओतलं.

मी थांबलो. सहा वर्षांत ह्या माणसानं कुठलीही गोष्ट चौथ्यांदा केलेली मी पाहिली नव्हती. चौथा थर अगदी कोरा निघाला. त्यांनी पाचव्यांदा ओतलं. हलवताना बुचातून ईथर गळत होतं, जे त्यांनी दुसऱ्या कोणाला माफ केलं नसतं.

"मास्तर, आता काही उरलेलं नाही."

"काई राहिलं असन तं?" ते म्हणाले. "एखांदा कण असन तं?"

मी नरसाळं त्यांच्या हातातून घेतलं आणि सहाव्यांदा मीच हलवलं. मग त्यांचं समाधान झालं. खालचा हिरवा थर त्यांनी तरीही बरणीत भरून ठेवला.

ईथर गरम पाण्यावर हळूहळू उडवलं, उरलं त्यात पाणी आणि मग हिराकस घातलं. तळाला तपकिरी गाळ बसला. आई जेवणाचा डबा घेऊन आली होती. तिनं भांड्यात डोकावून पाहिलं आणि तिचा चेहरा पडला. तिला वाटलं होतं की पिवळं काहीतरी दिसेल.

"हेच हाय वयनी," मास्तर म्हणाले. "भट्टीत गेलं की चमकते."

गाळ धुऊन वाळवला. तुकडे आणि गाळ मिळून आमच्या सगळ्यात नाजूक तराजूवर तोलले. पाटल्यांचं घडवतानाचं वजन मास्तरांना पाठ होतं. खाली राहिलेलं तांबं हिशेबात धरूनही गुंजभर कमी भरलं. आई लगेच मंगळसूत्राकडे हात नेऊन म्हणाली, की माझा एक मणी घ्या, मला असं ऋणात ठेवू नका. मास्तर चिडले. पाटल्या कोणाच्या ते कळल्यापासून ते पहिल्यांदाच चिडले आणि मला फार बरं वाटलं.

"सोडा थे. बारा वर्सं घातल्या तिनं. भांडे घासले, पऱ्हाटीतला कापूस वेचला. तेवढं तं तिच्या हातावरच झिजलं असन. थे काय तुमी खाल्लं?"

पाटल्या अकोल्याच्या ज्या सोनारानं घडवल्या होत्या त्याच्याचकडे जायचं, असा मास्तरांचा हट्ट. मी बरोबर निघालो. बडनेऱ्याहून पॅसेंजर पकडली. गाळाची, काचेच्या बुचाची बाटली आणि तुकड्यांची पुडी त्यांनी आतल्या खिशात ठेवली होती आणि मूर्तिजापूरपर्यंत एक हात खिशावरून काढला नाही. मला भूक लागली होती, पण प्लॅटफॉर्मवर उतरायला परवानगी नव्हती.

म्हातारा सोनार वारला होता. दुकानात त्याचा मुलगा होता, तो आम्हाला ओळखत नव्हता. त्यानं बाटली उजेडात धरली आणि हसला. "तपकीर आणली का काका?"

मास्तर त्याला काय काय बोलले. बाप असता तर त्यानं असं विचारलं नसतं, धंदा शिकला की नुसता गल्ल्यावर बसला, डोळे तपासून घे, वगैरे. पोरगा बिचारा भला होता. त्यानं मुकाट्यानं मुशीत ते सगळं घातलं, टाकणखार टाकला आणि फुंकणी लावली. तपकिरी गाळ आधी काळवंडला, मग एकदम आकसून त्याचा थेंब झाला, तुकडे त्यात वितळून मिसळले, आणि मुशीच्या तळाशी पिवळा लखलखीत गोळा फिरायला लागला. मास्तरांनी पुढे वाकून पाहिलं. मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं नाही, मलाच पाहवेना.

गोळा थंड झाल्यावर पोरानं कसाला लावून पाहिला. "चोख हाय," तो म्हणाला. आता त्याच्या आवाजात अदब होती. "पाटल्याच करायच्या ना? मंग काकूले घेऊन या. हाताचं माप घ्या लागते."

मी पटकन काहीतरी सांगायला तोंड उघडलं. मास्तर पुन्हा त्या पोराला फाडून खातील असं मला वाटलं. ते गादीवर थोडे पुढे सरकले, उजवा हात उचलला, आणि तेजाबानं पिवळी पडलेली दोन बोटं, अंगठा आणि मधलं, एकमेकांना टेकवून पुढे धरली. कोणाचं मनगट अलगद धरावं तशी.

"एवढी," ते म्हणाले.

पोरानं त्यांच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. त्याला समजलं असावं. त्यानं मापाची पितळी कडी खाली काढली आणि एकेक कडं त्या बोटांच्या आत धरून बघू लागला. एक मोठं झालं. एक लहान झालं. मग एक नेमकं बसलं.

"हे बरोबर हाय का काका?"

मास्तरांनी बराच वेळ पाहिलं.

"जरासं ढिलं पायजे," ते म्हणाले. "पीठ मळताना वर सरकवत जाय थे."

पोरानं त्यापुढचं कडं घेतलं, आकडा लिहून घेतला आणि कडी पुन्हा खुंटीला लावली. मास्तरांचा हात मात्र तसाच पुढे धरलेला होता, बोटाला बोट टेकलेलं. मी चपला घालून दुकानाबाहेर जाऊन उभा राहिलो.